ओख्याचे शंख परत एकदा मोजायला हवेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर 'समुद्र झाला ॲसिड, शंख विरघळले' अशी छोटी बातमी होती. ती छापलीत याचा खरंच आनंद झाला, बडोद्यात आपल्याला समुद्र आठवतो तो द्वारकेला जायचं ठरलं की. पण हेडिंग वाचून माझी सातवीतली नात सरळ देवघरात गेली, शंख उचलून खालून वरून बघितला आणि म्हणाली, आजी, आपला पण विरघळणार का गं? मी बरीच वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवलीये, त्यामुळे तिला जे सांगितलं तेच थोडं नीट लिहून पाठवतेय.

पहिलं म्हणजे समुद्र ॲसिड झालेला नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कली), आधी साधारण ८.२ होता तो आता ८.१ च्या आसपास आलाय, म्हणजे पाणी अजून अल्कलीच आहे, फक्त आम्लाच्या दिशेने सरकतंय. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पीएच एक अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, त्या हिशोबाने ०.१ म्हणजे पाव पटीहून जास्त वाढ, ढोबळमानाने ३० टक्के धरतात. याचं कारण आपल्या धुरात आहे. कारखाने, गाड्या, वीजघरं जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्यातला जवळजवळ पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो, त्याचं पाण्यात कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून बसतात. शंखाला भिंत बांधायला नेमकं कार्बोनेटच लागतं. आम्ल येऊन भिंत खातं हे नंतरचं, आधी बांधकामाचा माल कमी पडतो.

आणि शंख म्हणजे शेवटी गोगलगायच, हे आपण पूजेच्या नादात विसरतो. तिच्या अंगावरची मऊ त्वचा शंखाच्या ओठाच्या कडेला थर टाकत जाते आणि शंख तिथूनच वाढतो. त्वचा आणि कवच यांच्या मधल्या बारीक फटीत जे पाणी असतं त्यातलं आम्ल त्या जीवाला सतत बाहेर ढकलावं लागतं, नाहीतर थर जमतच नाही. बाहेरच्या पाण्यातच आम्ल वाढलं की हे ढकलणं जड जातं, त्यात खाल्लेलं अन्न खर्च होतं, मग वाढ खुंटते नाहीतर कवच पातळ राहतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गोगलगायीवर २००७ साली प्रयोग झाला होता, खेकड्याचा वास पाण्यात आला की ती एरवी कवच जाड करते, आणि आम्लता वाढवलेल्या पाण्यात तिला ते जमलं नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, म्हणजे संकट आलंय हे तिला कळतंय पण भिंत जाड करायला हातात काही नाही.

सगळ्यात जास्त मनात राहिलं ते जपानचं. तिथे समुद्राच्या तळातून काही ठिकाणी आपोआप कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, त्यामुळे पुढे सगळीकडे जसं पाणी होणार आहे तसं तिथे आजच आहे. अशा जागी ट्रायटन नावाचे मोठे शंख शास्त्रज्ञांनी मोजले, तर ते शेजारच्या साध्या पाण्यातल्या शंखांपेक्षा सरासरी एक तृतीयांशाने लहान निघाले, कवच पातळ, वरची नक्षी झिजून गुळगुळीत, काहींचं तर आतलं अंग उघडं पडलेलं. हा ट्रायटन तिकडचे डोंगरातले साधू फुंकतात, आपण आरतीच्या आधी फुंकतो तसाच. म्हणजे विरघळतात हे तुमच्या बातमीतलं खोटं नाही, पण ते अशा जागी, आणि दोन्ही ध्रुवांकडच्या थंड पाण्यात, जिथे पाण्यात तरंगणाऱ्या नखाएवढ्या गोगलगायींची, ज्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात, कवचं जिवंतपणीच झिजलेली सापडलीत. सगळ्या जाती सारख्या हरत नाहीत हे पण खरं, खायला भरपूर मिळालं तर काही तग धरतात.

आता आपल्या शंखाबद्दल. आमच्याकडचा शंख सासूबाईंच्या सासूबाईंनी द्वारकेहून आणलेला. बाजारात तो पांढराशुभ्र दिसतो कारण वरची तपकिरी साल खरवडून काढलेली असते, जिवंतपणी तीच साल त्याला पाण्यापासून वाचवते. याची पिल्लं इतर बऱ्याच समुद्री गोगलगायींसारखी पाण्यात तरंगत फिरत नाहीत, अंड्यांच्या लांब पिशवीतच कवच घेऊन तयार होतात आणि बाहेर पडली की सरळ रांगायला लागतात. त्यांचं पाणी बदललं तर ती लांब कुठे वाहत जाऊन वाचतील अशी सोय नाही.

आणि हे बडोद्यातल्या पेपरात का लिहितेय, तर द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडळ राजेशाहीच्या काळात बडोदा संस्थानात होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या तज्ज्ञाकडून तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करून घेतली होती, तिचा रिपोर्ट १९०९ आणि १९१६ असा दोन भागात छापला गेला. त्यात तिथल्या शंखांचीही दखल आहे. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाला हे सुचलं! परदेशात म्युझियममधली जुनी कवचं आजच्या कवचांशेजारी ठेवून जाडी मोजतात. आपल्याकडे जुना रिपोर्ट आहे, युनिव्हर्सिटी आहे, कमाटीबागेत म्युझियम आहे, मग झूलॉजीच्या मुलांना घेऊन ओख्याला परत एक पाहणी का होऊ नये? भरती-ओहोटीच्या वेळचा पीएच आणि शंखांची जाडी, एवढं दरवर्षी लिहून ठेवलं तरी पुढच्यांना केवढा आधार होईल.

आपल्या विश्वामित्री नदीचं पण यात लिहायला हवं. ती ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात जाते, आणि शहराची घाण तिच्यातून गेली की ती कुजताना पाण्यात आणखी कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेतला धूर एकट्या बडोद्याच्या हातात नाही, हे आहे.

नातीने दमणहून आणलेला एक शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून बघितला, बुडबुडे आले, खूश झाली. मी तिला सांगितलं की व्हिनेगर समुद्रापेक्षा लाखो पटींनी आम्ल असतं, हे बघून समुद्राचा अंदाज बांधू नकोस. तर ती म्हणाली मग हळूहळू काय होतं ते कसं बघायचं? त्यासाठीच जुने शंख लागतात. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी द्वारका किंवा बेटहून आणलेला शंख असेल आणि तो कोणत्या साली आणला हे वहीत, पत्रात कुठे लिहिलेलं असेल तर त्यांनी तुमच्याकडे कळवावं आणि तुम्ही ते छापावं, आमच्याकडे साल लिहिलेलं नाही याची आता फार हळहळ वाटते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा