शेवटची बस गाठणाऱ्या सिस्टर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

राहण्यायोग्य शहरांची क्रमवारी आली की वर्तमानपत्रे ती ठळक छापतात आणि दोन दिवस कोण वर चढले, कोण घसरले याचीच चर्चा होते. ही यादी मोजते काय, हे फारसे कोणी विचारत नाही. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या संशोधन संस्थेच्या यादीत १७३ शहरे असतात. स्थैर्याला २५ टक्के वजन, संस्कृती व पर्यावरणाला २५, आरोग्यसेवेला आणि पायाभूत सुविधांना प्रत्येकी २० आणि शिक्षणाला १०. घरभाडे भरल्यावर पगारातले हातात किती उरते, याला त्यात जागा नाही. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला कंपन्या अशी मोजमापे वापरत आल्या आहेत. त्या अधिकाऱ्याला भाड्याची चिंता सहसा नसतेच!

मागच्या वर्षी आई पंधरा दिवस रुग्णालयात होती. दुपारपाळीच्या सिस्टर फार मायेने करायच्या. एका रात्री त्यांच्या जागी येणाऱ्या सिस्टरांना उशीर झाला. यांनी आईचे सलाईन बदलले, तक्त्यावर नोंद केली, दोनदा दारापर्यंत जाऊन घड्याळ पाहिले. मी सहज विचारले, तेव्हा म्हणाल्या, “शेवटची बस दहा दहाची आहे. ती गेली की सकाळपर्यंत इथेच खुर्चीवर.” घर दोन तासांवर. जवळ भाडे परवडत नाही. मुलगा आठवड्यातून एकच दिवस जागा भेटतो, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, चादर सरळ करता करता सांगितले. बदलीच्या सिस्टर येताच त्या पिशवी काखोटीला मारून जिन्यावरून अक्षरशः धावत गेल्या.

त्या दिवसापासून माझ्या मनात शहराची कसोटी एकच आहे. शहर ज्यांच्या हातांवर चालते, त्यांना त्या शहरात राहता येते का? बागा, ग्रंथालये, नाट्यगृहे हवीतच. पण प्रवासातच चार तास जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग काय?

जमीन महाग, मग घरे बांधायची कुठून, असे लगेच विचारले जाते. या यादीत अनेकदा पहिल्या आलेल्या व्हिएन्नाने १९२३मध्ये घरांवर खास कर बसवला. जितके घर आलिशान, तितका कराचा दर चढा. त्या पैशातून नगरपालिकेने कामगारांसाठी घरे उभारली. १९३०मध्ये पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही इमारत किलोमीटरभर लांब आहे. तिच्यात धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालय, दवाखानाही होता. महत्त्वाचे म्हणजे ही घरे पुढे विकून टाकली नाहीत. आज सुमारे २ लाख २० हजार घरे पालिकेच्या मालकीची आहेत आणि अनुदानित घरे धरली तर जवळपास निम्मे शहर त्यांत राहते. प्रतीक्षायादी तिथेही आहे, हे खरे. पण ती यादी शहरात राहू पाहणाऱ्यांची आहे, शहराबाहेर ढकलले गेलेल्यांची नाही, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी क्रमवारी छापाल तेव्हा प्रत्येक शहरापुढे आणखी एक रकाना घालावा: तिथल्या परिचारिकेला स्वतःच्या पगारात रुग्णालयापासून अर्ध्या तासावर घर मिळते का?

आपला,
एक नियमित वाचक