फोनवर ऐकत नाही, म्हणून पत्र

पर्वरी,
डिसेंबरचा शेवटचा रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहोत. परवा फोनवर मी हिटरचा विषय काढला, तर बाबा 'बरं बरं' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईने मला बांगड्याचा भाव सांगितला. म्हणून लिहायला बसले. कागद काही दुसऱ्याच्या हातात देऊन सुटका होत नाही.

आधी माझी चूक. तो हिटर मीच दिलेला. दिल्लीची नोकरी सोडून आले तेव्हा सामानात होता, आणि इथे फ्लॅटमध्ये आम्ही आजही रात्री पंखा लावतो. केरीत मात्र पहाटे अंजुणेच्या धरणाकडून जो गारठा येतो तो मला ठाऊक आहे. आईचे गुडघे डोळ्यांपुढे आले आणि देऊन टाकला. कसा वापरायचा ते नीट सांगितलंच नाही.

चवथीला आले तर माजघरात दोरीवर ओले कपडे आणि त्यांच्या खाली हिटर लालबुंद! पावसात आपल्या सत्तरी तालुक्यात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो, सगळं मान्य. आजीसुद्धा चुलीवरच्या बांबूवर कपडे टाकायची, बाबांच्या शाळेच्या शर्टाला धुराचा वास असायचा. पण चुलीपाशी दिवसभर कोणी ना कोणी असायचं. हिटर लावून तुम्ही दोघंही पडवीत बसला होता. एक बनियन घसरून खाली पडलं की पुरे.

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. दिल्लीत एका रात्री माझ्या मैत्रिणीची ओढणी खुर्चीवरून सरकून हिटरच्या जाळीला टेकली. आम्ही दोघी झोपलो होतो. जाग आली ती वासाने. ओढणीला ताटाएवढं भोक, खुर्चीची गादी धुमसत होती. तुम्हाला कळलं असतं तर परत बोलावून घेतलं असतं, म्हणून आजवर बोलले नाही.

आता आई म्हणते, बाबांनी हिटर खाटेच्या पायथ्याशी ठेवलाय. खाटेला मच्छरदाणी आहे, तीही नायलॉनची! नायलॉन पेटतं, वितळतं आणि अंगाला चिकटतं. मच्छरदाणी, गोधडी, आईची मॅक्सी, पडदा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, काहीही असो, हिटरपासून हातभर नव्हे, किमान तीन फूट लांब हवं. त्या खोलीत खाट आणि कपाट सोडून एवढी जागा उरते का, ते बाबांनी पट्टीने मोजावं. माझ्या अंदाजाने उरत नाही. म्हणजे हिटर झोपायच्या खोलीत नकोच. संध्याकाळी माजघरात, सपाट जमिनीवर, तुम्ही दोघं समोर बसलेली असताना लावा. उठताना बंद करा आणि प्लग काढा.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हे तुम्हीच आम्हाला फळ्यावर शिकवलंत. हिटर दोन हजार वॅटचा, घरातली वीज 230 व्होल्टची. करा भागाकार. पावणेनऊच्या आसपास येतं. खाटेजवळचं सॉकेट सहा अँपिअरचं, मोबाईल आणि टेबलफॅनसाठी दिलेलं. हिटरचा प्लग जाड पिनांचा असतो तो याच कारणासाठी. तुम्ही वाळपईहून कन्व्हर्टर आणून तो बारीक सॉकेटात बसवलात, त्यातही मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड. वायर आतल्या आत तापते आणि वरून काही दिसत नाही. गेल्या खेपेला मी प्लगला हात लावला तर तो चांगलाच गरम होता, आणि बोर्डावर तपकिरी डाग पडलाय. तो डाग चहाचा नाही, बाबा.

फ्यूजचंही तेच. सारखा उडतो म्हणून तुम्ही त्यात जाड तार घातलीत. फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. त्याला गप्प बसवलं की मग भिंतीतली वायरच फ्यूज होते, आणि ती वर वाशांना लागून गेलेली आहे. वायरमनला बोलवा. माजघरात सोळा अँपिअरचा पॉइंट, त्याला वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून. शॉक लागताच क्षणात वीज तोडणारी आरसीसीबीही बसवून घ्या. पैसे मी देते, यावर वाद नको.

नळ्यांच्या कौलारू घरात एक गंमत आहे. हिटरने खोली पुरेशी तापली की तो आपोआप थांबायला हवा. पण आपल्या छपराला खाली फळ्या नाहीत, ऊब वर जाते आणि नळ्यांच्या फटींतून बाहेर. तो बिचारा रात्रभर थांबत नाही. तासाला दोन युनिट, आठ तासांचे सोळा. वीज खात्याचं बिल चष्मा लावून वाचणाऱ्या माणसाला एवढं पुरे असावं!

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. संध्याकाळी हिटर चालू असताना वीज जाते. बटण तसंच राहतं. तुम्ही मेणबत्ती लावता, जेवता, झोपता. रात्री दोनला वीज येते आणि हिटर आपोआप सुरू होतो. वीज गेली की आधी हिटरचा प्लग काढायचा, मग मेणबत्ती शोधायची, हा क्रम ठेवा. आणि कधी धूर दिसलाच तर पाणी ओतायचं नाही. हात पोहोचत असेल तर मेन स्विच पाडायचा, बाहेर पडायचं आणि 101 लावायचा.

बाबांच्या साखरेमुळे पायांना बधिरपणा आलाय, डॉक्टरांनी मागेच सांगितलं आहे. पाय भाजला तरी त्यांना कळणार नाही, फोड आल्यावर कळेल, आणि तो लवकर भरणारही नाही. पाय हिटरपुढे शेकायचे नाहीत. लोकरीचे मोजे घाला, गेल्या वर्षीचे कपाटात घडी न मोडलेले आहेत. आई, तूसुद्धा गुडघ्याला मलम चोळून लगेच हिटरसमोर बसू नकोस. दोन्ही एकदम झालं की कातडी पोळते.

आणि हो, हिटर नको तर घमेल्यात निखारे ठेवते, असं तू म्हणालीस. बाळंतिणीच्या खाटेखाली आजी ठेवायची, खरं आहे. पण तेव्हा दारं-खिडक्या फटींच्या होत्या. आता त्या खोलीला सरकत्या काचा आहेत, रात्री तुम्ही त्या घट्ट लावता. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. हिटरपेक्षाही हे वाईट. हा विषय इथेच संपला.

झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा. पाणी उकळतं नको, पिशवी गळ्यापर्यंत भरायची नाही, वर टॉवेल गुंडाळायचा. बाबा आडवे व्हायच्या आधी ती काढून घ्यायची, आणि अंथरूण किती गरम झालंय ते आईने हाताने बघायचं, बाबांनी पायाने नाही.

बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा, मच्छरदाणीचा भाग दोनदा. संक्रांतीला येतेय, तेव्हा तो कन्व्हर्टर मला घरात दिसता कामा नये. येताना पिशवी नवी आणते. जुनीचं बूच गळतं, हे आईने मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं.

तुमची,
बाय