चार पक्ष्यांपायी

वाक्वा, मॉरिशस

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘चार पक्ष्यांपायी एवढा पैसा आणि माणसांची उभी आयुष्यं घालवायची, हे काही पटत नाही,’ असं तू लिहिलंस. तू बागायतदार, वानर-वटवाघळांचा जाच सोसणारा, म्हणून तुझ्या बोलण्याला वजन आहे. तरी मला ते मान्य नाही. का, ते सविस्तर सांगतो.

ते चार पक्षी म्हणजे इथली केस्ट्रेल, आपल्या खरुचीच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी. १९७४ साली रानात फक्त चार उरल्याची नोंद होती. जंगल तुटलं होतं, बाहेरून आलेली माकडं, मुंगसं, उंदीर घरट्यांपर्यंत पोचत होते, आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी भक्ष्यातून पक्ष्यांच्या अंगात गेलं होतं. १९७९ साली कार्ल जोन्स हा विशीतला वेल्श तरुण इथे आला तो खरं तर केस्ट्रेल वाचवण्याचा प्रकल्प आवरता घ्यायला. त्यानं तो आवरला नाही. कड्यातल्या घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं वाढवून रानात सोडायची, त्यांना पांढरे उंदीर खाऊ घालायचे, घरट्यांसाठी पेट्या लावायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं. चारांचे शेकडो झाले. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलं होतं, तेही आज शेकड्यांत आहे. इथला हिरवा पोपटही तसाच नामशेष होता होता वाचला.

तू म्हणशील, मग झालं की काम! तिथेच तर खरी मेख आहे. केस्ट्रेलची संख्या पुन्हा घसरली आणि २०१४ साली तिला परत संकटग्रस्तांच्या यादीत घालावं लागलं. राहायला जंगलच पुरेसं नाही. बऱ्या अवस्थेतलं मूळचं जंगल बेटावर दोन टक्क्यांहून कमी आहे. त्यातही चिनी पेरूची दाटी. हंगामात आम्ही सगळे तो तोडायला रानात जातो, तिखट-मीठ लावून आवडीनं खातो, आणि तेच झुडूप देशी झाडांची रोपं वर येऊ देत नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात कुंपण घातलेले तुकडे आहेत. तिथे माणसं हातानं हे तण उपटतात, आणि काही वर्षांनी तिथेच पुन्हा उपटतात. या खुरपणीचे फोटो कुणी छापत नाही, पण पक्षी जगतात ते तिच्यावर.

डोडो या इथल्याच, नामशेष झालेल्या पक्ष्याचं चित्र इथे जिथे तिथे दिसतं. डच लोक १५९८ साली उतरले आणि डोडो शेवटचा दिसल्याची भरवशाची नोंद १६६२ची. चौसष्ट वर्षांत सगळं संपलं आणि काय गेलं हे तेव्हा कुणाला कळलंही नाही. १९७४ साली केस्ट्रेलचं मात्र माहीत होतं, आकड्यासकट माहीत होतं. माहीत असताना हात बांधून बसणं मला तरी जमणार नाही, सुहास.

आणि माणसं या कामापासून वेगळी नाहीत. जुलै २०२०मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या खडकांवर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. माहेबूरच्या किनाऱ्यावर कोळी, शाळकरी पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळी जमली आणि गोणपाटात उसाचं पाचट भरून तेल अडवायला लांबच लांब तरंगते बांध शिवायला लागली. तुमच्याकडे पाचट जाळतात, इथे त्यानं समुद्र राखला. समोरच इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचं राखीव बेट आहे. मूळची कासवं नामशेष झाल्यामुळे तिथे सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवं आणून सोडली आहेत. ती आबनूसाची फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. गेलेल्या प्राण्याचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायची ही युक्ती मला फार मोठी वाटते.

आता तुझ्या जिव्हाळ्याचं. इथलं मोठं वटवाघूळ लिची आणि आंबा खातं. बागायतदार ओरडले आणि २०१५ साली सरकारनं तीस हजारांवर वटवाघळं मारली, पुढच्या वर्षी पुन्हा मारली. २०१८मध्ये ती जात संकटग्रस्त ठरली. रानातल्या कित्येक झाडांचं बी हेच वटवाघूळ पसरवतं. बागायतदारांचं नुकसान खोटं नाही. पण मोठी वाढलेली, न छाटलेली झाडं जाळीखाली येत नाहीत, आणि छाटणीचं, जाळीचं काम गोळीपेक्षा महाग आणि चिकाटीचं. तिथे सरकारनं पैसा ओतावा, असं माझं ठाम मत आहे.

तू मागे दोन-चार कलमांवर जाळी टाकून बघणार होतास. टाकलीस का? कोणती घेतलीस, खर्च किती आला आणि वटवाघळं आत अडकून मरतात का, हे नक्की कळव. कास्काव्हेलला एका मराठी कुटुंबाची लिचीची बाग आहे. त्यांचे पूर्वज कोकणातूनच ऊसमळ्यांवर आलेले. त्यांना जाळी लावायची आहे, पण आधी कुणाचा तरी अनुभव ऐकायला हवा आहे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत