या दिवाळीला मी येत नाहीये

लिव्हरपूल,
जुलै

ती. आई-बाबांना सा. न.

परवा बाबा म्हणाले, "दिवाळीच्या आधीचं तिकीट आत्ताच काढून ठेव, मागून महाग होतंय." मी 'बघते' एवढंच म्हणाले. फोनवर तुमचे चेहरे समोर असले की माझ्याच्यानं बोलवत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. या दिवाळीला मी येत नाहीये. इथं एका संशोधन प्रकल्पात वर्षभराची नोकरी मिळाली आणि मी ती घेतली. सहीसुद्धा झाली. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी 'कर बाई' असंच म्हटलं असतं आणि मग आई देवघरात जाऊन डोळे पुसत बसली असती. ठरवायचा भार तुमच्यावर नको वाटला.

चिडू नका, पुढचं नीट वाचा. वर्षच आहे. आई, पुढच्या वर्षी तू अंगणवाडीतून निवृत्त होशील, त्याच्या आत मी घरी असेन. दुसरं म्हणजे कर्ज. आप्पांच्या वाटणीचं वावर माझ्या शिक्षणापायी बँकेत तारण पडलंय, हे मला रोज आठवतं. बाबा, तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, म्हणून जास्तच आठवतं. इथल्या पगारातून वर्षभरात हप्त्यांचं बरंच ओझं उतरेल आणि दादाकडं बघायची वेळ येणार नाही. त्याला पुण्यातल्या घराचा हप्ता आहे, वहिनीचं बाळंतपण जवळ आलंय. शिवाय जानेवारीत पंधरा दिवस सुट्टी मिळणार आहे, तेव्हा हुरड्याला मी येतेच. म्हणजे दिवाळी ते संक्रांत एवढाच काय तो फरक.

पण आई, पैशापेक्षा मोठं कारण तुझ्याकडंच आहे. इथं सुरुवातीच्या दिवसांत बाईंनी वर्गात लेकरांचं कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी काढली. तीच आपली लाल, पिवळी, हिरवी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. वर्गात नायजेरियाचे, नेपाळचे मोठमोठे डॉक्टर होते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, डाव्या दंडावर, ना आवळून ना सैल, असं ते कागदावर बघून शिकत होते. माझे हात आपोआप चालले. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, आईकडं.

मला ते सगळं लख्ख आठवतं. अंगणवाडीसमोरच्या लिंबाला तू काटा टांगायचीस. झोळीत लेकरू घातलं की ते पाय झाडायचं आणि काटा थरथरत राहायचा. तू झोळीखाली हाताचा आधार धरून त्याच्याशी बोलत बसायचीस. ते शांत झालं की अलगद हात काढून घ्यायचीस आणि मला म्हणायचीस, "हं, वाच." मी मोठ्यानं ओरडायची, सात किलो दोनशे! मग तू वहीत लिहायचीस.

दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गाडीत भांड्याकुंड्यांवर बसलेली पोरं. तुझ्या वहीत त्यांच्या नावापुढची घरं पार एप्रिलपर्यंत कोरी राहायची. डिसेंबरच्या अहवालात कमी वजनाची मुलं एकदम कमी दिसायची, आणि वरून शाबासकी आली की तू घरी येऊन धुसफुसायचीस, "बरी झाली नाहीत ती, गेलीत." माझा इथला प्रबंध त्या कोऱ्या घरांवरच आहे. सगळ्यात अशक्त लेकरंच फडावर गेली तर गावाची सरासरी सुधारलेली दिसते, प्रत्यक्षात एकाही पोराचं वजन वाढलेलं नसतं. मोजलेल्यांचा आकडा बघायच्या आधी मोजायचे राहिले कोण ते शोधा, असं आमचे सर पहिल्या तासापासून बजावतात. तू हे कुठल्याही पदवीशिवाय ओळखलं होतंस. तुला फक्त कोणी विचारलं नाही.

आता जी नोकरी घेतली आहे ती केनियात गुराढोरांमागं हिंडणाऱ्या कुटुंबांच्या लेकरांबद्दल आहे. लस एका ठिकाणी, वजन दुसऱ्या, आणि नोंद कुठंच नाही. अशा लेकराचा माग कसा ठेवायचा, आकडे कसे जुळवायचे, हे मला नुसतं पुस्तकातून नको, करून शिकायचं आहे. ते घेऊन मी आपल्या केज-धारूरकडंच येणार आहे. कुठल्या पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात खुर्ची धरून बसायला नाही. हे माझं नक्की आहे, आणि माजलगावच्या त्या स्थळाकडच्या लोकांना बाबांनी तसंच सरळ सांगावं. मुलगी वाईट वाटून घेणार नाही, त्यांनीही घेऊ नये.

सुमनमावशीचं तर मी इथं कुणाला नावानं सांगितलं नाही, पण वर्गात बोलायची वेळ आली तेव्हा तिचाच चेहरा डोळ्यांपुढं होता. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची सरकारी पाहणी झाली होती. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी आकडा सांगितला आणि वर्ग गप्प झाला. मला पुढं सांगायचं होतं की पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि अंगावरचं दुखणं हंगामभर तसंच ओढावं लागतं, म्हणून एकदाचं काढून टाकलेलं बरं असं बाईला वाटायला लागतं. सांगितलं, पण आवाज कापत होता.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. डासामुळं हिवताप होतो हे शोधणारा रोनाल्ड रॉस याच गावात शिकवायचा. उष्ण देशांतल्या रोगांची इथली शाळा १८९८ सालची आहे आणि तो तिथला पहिला व्याख्याता. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. पण शोध लागला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला! म्हणजे निजामाच्या राजधानीला लागून असलेल्या छावणीत. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेत झेंडावंदनाला बोलावतील तेव्हा पोरांना हे जरूर सांगा, तुम्ही सांगितलं की त्यांच्या लक्षात राहतं.

आणि आईसाठी किटी विल्किन्सन. ही इथली गरीब बाई, आयर्लंडहून आलेली. १८३२ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा गल्लीत पाणी तापवायचा मोठा हंडा तिच्याच घरी होता. तिनं शेजाऱ्यांना घर उघडं केलं. रोग्यांची अंथरुणं-पांघरुणं तिच्याकडं उकळून, ब्लीचिंग पावडर घालून धुतली जायची. रोग कशानं पसरतो हे तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही उमगलं नव्हतं. पुढं १८४२ साली त्यातूनच या गावात सार्वजनिक धुण्याचं घर निघालं आणि काही वर्षांनी तिलाच त्यावर नेमलं. इथल्या मोठ्या सभागृहात सगळे पुरुषांचेच पुतळे होते. २०१२ साली तिचा बसवला. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. ती धुणं करणारी बाई मला अगदी ओळखीची वाटली.

आता माझी काळजी. खोली उबदार आहे, भिंतीतून गरम पाण्याचे पाइप जातात. थंडीत चारलाच अंधार पडायचा तेव्हा मन उदास व्हायचं, हे खरं, पण आत्ता रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. घरात केरळची एक नर्स आहे, अगदी बहिणीसारखी. ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी फुगत नाही, पण भाकरीच होते. आईनं दिलेला आमटीचा येसर अजून थोडा शिल्लक आहे, तो मी जपून वापरते. रविवारी मुरमुऱ्यांचा सुशीला करते. आजारी पडले तर डॉक्टरकडं पैसे द्यावे लागत नाहीत, कारण शिक्षणाच्या व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड या हिशोबानं ते आधीच भरून घेतात. म्हणजे तुम्ही त्याचा घोर लावून घेऊ नका.

मागं ताप आला होता, तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता बरी आहे. त्या रात्री पडल्या पडल्या मला बाबांची सायकल आठवली. मी तापानं फणफणलेली, आणि झोपेत पडू नये म्हणून बाबांनी मला उपरण्यानं पाठीशी बांधलं होतं. वाटभर मला कपाळाखाली तुमची पाठ लागत होती आणि तुम्ही पाढे म्हणायला लावत होता. एकोणतीसचा मला अजून तेवढाच येतो, तापात म्हटलेला.

आता ऐकायचं, आणि दोघांनीही. बाबा, बी.पी.ची गोळी बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायची नाही. ती चालू आहे म्हणूनच बरं वाटतंय. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. तंबाखूचं मी दरवेळी बोलते, पण चुन्याची डबी आता कोनाड्यात ठेवायचीच नाही, मी दादाला सांगून ठेवलंय. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, त्यात लोणचं-पापड सगळं आलं. आई, हे तुलाच बघायचंय, नाहीतर ते ताटात वरून मीठ घेतात. आणि तुझे गुडघे दुखत असताना तू आहार वाटपाची पोती स्वतः उचलायची नाहीस. मदतनीस आहे ना? अंधारात गोठ्याकडं जाताना बॅटरी आणि बूट, पावसाळा आहे. चूल बंबापुरतीच. गॅस संपला तर लगेच बुक करा, दोन दिवस चुलीवर भागवू नका, तुझा खोकला मला फोनवरूनही ऐकू येतो.

रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा, मी ऐकून घेईन. पण बोला.

तुमची,
मनू

ता. क. आई, वजनाची तुझी स्वतःची जुनी उतारावही ट्रंकेत आहे, ती रद्दीत घालू नकोस. जानेवारीत मला ती हवी आहे. तोवर बाबांनी तिला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवावी, ट्रंकेत वाळवी आहे.