भुंगेरे सोडायचे असतील तर फवारा थांबवा: जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री महोदय,
स. न.

जलपर्णीवर ती खाणारे निओचेटिना भुंगेरे सोडायचे आणि महिन्याभरात त्याच पाण्यावर तणनाशक फवारायचे, असा कार्यक्रम कृपया मंजूर करू नका. त्यात दोन्हींचा खर्च पाण्यात जातो.

मादी पानाच्या व देठाच्या आत अंडी घालते. ७ ते १० दिवसांत बिनपायाची अळी निघते आणि देठ पोखरत गाभ्याकडे उतरते. खरे नुकसान तीच करते: बोगद्यांत पाणी शिरते, देठ कुजतात, झाड जड होऊन बुडू लागते. अळीला एक ते तीन महिने लागतात. जात कोणती आणि पाणी किती उबदार, त्यावर ते ठरते. मग ती पाण्याखालच्या मुळांवर, मुळांच्याच तंतूंचा कोष विणते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन-चार महिने. फवाऱ्याने झाड लवकर मेले की अंडी, अळ्या, कोष सगळेच त्याबरोबर संपतात. प्रौढ तेवढे कदाचित दुसऱ्या झाडावर जातील. यंत्राने सगळा थर उपसला तरी तेच. चिखलात रुजलेल्या जलपर्णीवरही पैदास नीट होत नाही, कारण कोषाला पाण्यात लोंबणारी मुळे लागतात.

म्हणून पंपाचे तोंड, पूल, सांडवा एवढेच यंत्राने मोकळे करावे. आडोशाला जलपर्णीचा एक पट्टा राखून तिथे फवारा बंद ठेवावा. भुंगेरे दहा ठिकाणी चिमूटचिमूट न सोडता एका-दोन ठिकाणी भरपूर सोडावेत.

तपासणीत ४-५ मिलिमीटरचा भुंगेरा दिवसा दिसणार नाही. तो गाभ्यात दडतो. वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचे ताजे खरवडे, म्हणजे भुंगेऱ्याने खाल्ल्याच्या खुणा, मोजावेत आणि देठ चिरून अळ्या पाहाव्यात. जुन्या पानांवरचे डाग धरून अहवाल गोड करता येतो, तेवढे सांभाळा.

मुदतीबद्दलही स्पष्ट बोलू. युगांडाने व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ मध्ये भुंगेरे सोडले. थर कोसळायला १९९८ उजाडले. एका आर्थिक वर्षाचे कंत्राट इथे निरुपयोगी आहे, किमान पाच वर्षांचे हवे. शिवाय सांडपाणी येतच राहिले तर जलपर्णी भुंगेऱ्यापेक्षा वेगाने वाढते.

थर गेल्यावरही राखीव पट्टा काढू नये. गाळातले बी पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते, आणि नव्या रोपांवर जायला भुंगेरे तिथूनच येणार आहेत.

आपले,
जलतण नियंत्रणातील कार्यकर्ते