इमारत ‘सुरक्षित’, इंजिनियर ‘मुदतबाह्य’: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: स्ट्रक्चरल इंजिनियरची नोंदणी मिळण्याबाबत, ती टिकण्याबाबत, आणि ती नसली तरी तुरुंगात मात्र जाता येते याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून सरळ विषयावर येतो. गेल्या आठवड्यात आमच्या शहराच्या महापालिकेने माझा एक अहवाल परत पाठवला. अहवाल एका चार मजली सोसायटीचा. इमारत तिशी ओलांडलेली, त्यामुळे इमारत तपासून घ्या, अशी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265(अ) ची नोटीस आली आणि सोसायटीने मला बोलावलं. मी काँक्रीटची ताकद बघायचा रिबाउंड हॅमर फिरवला, तपासणीसाठी काँक्रीटचे गोल तुकडे (कोअर) काढले, पार्किंगमधल्या कॉलमचं प्लास्टर फोडून पाहिलं. आतल्या सळईचे पापुद्रे नखाने निघत होते. मागच्या विंगमधली कुटुंबं पावसाळ्याआधी हलवा, खालच्या कॉलमना जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचा थर) करा, तोवर टेकू द्या, असं स्पष्ट लिहून दिलं. अहवाल परत आला तो एका ओळीच्या पत्रासह: ‘आपली नोंदणी मुदतबाह्य असल्याने सदर अहवाल विचारात घेता येत नाही.’

माझी नोंदणी 31 डिसेंबरला संपली, हे खरं आहे. नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याच महापालिकेत, त्याच विभागात, आवकचा शिक्का मारून पडला आहे, हेही खरं आहे. पत्रावर सही करणाऱ्या साहेबांच्या खुर्चीपासून तो अर्ज फार तर दहा फुटांवर असेल.

पुढचं ऐका. चारच दिवसांत सोसायटीला दुसरं प्रमाणपत्र मिळालं. देणाऱ्याची नोंदणी मुदतीत आहे. त्या गृहस्थांना इमारतीत आलेलं कुणी पाहिलेलं नाही, मी वॉचमनलाही विचारलं. कॉलमवर नवं प्लास्टर चढलं, त्यावर रंग बसला आणि इमारत ‘वापरण्यास योग्य’ ठरली. सोसायटीवर तरी किती चिडू? घर सोडा म्हणणारा इंजिनियर कुणाला हवा असतो? पण दोन कागदांतला खरा कुठला, हे ठरवायचं काम शासनाचं होतं, आणि शासनाने कॉलमकडे न बघता तारखेकडे बघून ते ठरवलं. (इमारतीचा पत्ता इथे देत नाही. आयुक्तांना आणि पोलीस ठाण्याला वेगळं लेखी कळवलं आहे, पोच माझ्याकडे आहे.)

आता नूतनीकरण का अडलं ते सांगतो, म्हणजे मी काही लपवतोय असं आपल्याला वाटायला नको. स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून नोंदायला आपल्या नियमावलीप्रमाणे सिव्हिलच्या पदवीधराला तीन वर्षांचा अनुभव लागतो, स्ट्रक्चर्समध्ये पदव्युत्तर असेल तर दोन वर्षांचा. माझा अनुभव ज्यांच्या हाताखालचा, ते सर आता हयात नाहीत. त्यांनी त्या काळी दिलेला दाखला महापालिकेच्याच जुन्या फाइलमध्ये आहे, त्याच्याच जोरावर मला पहिला परवाना मिळाला. ती फाइल सापडत नाही. म्हणून मला सांगण्यात आलं, नवीन दाखला आणा. सर वारले म्हटल्यावर सांगण्यात आलं, मृत्यूचा दाखला जोडा. जोडला. मग त्रुटीपत्र आलं, की मृत्यू दाखला प्राप्त, परंतु अनुभव दाखल्यावर अलीकडची सही नाही.

मी हसलो नाही, महोदय. त्या काउंटरवर हसणंही महागात पडतं.

बाहेर चहाच्या टपरीवर एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘साहेब, तुम्ही कशाला रांगेत? फाइल आमच्याकडे द्या.’ आकडाही सांगितला. सरकारी शुल्काच्या कितीतरी पट होता. तो दिला असता तर सरांची सही स्वर्गातूनही आली असती याबद्दल मला शंका नाही.

2015 साली आपण लोकसेवा हक्क अधिनियम केलात. ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ हे त्याचं ब्रीद. नगररचना विभागाच्या दारावरच सेवांचा फलक आहे: सेवेचं नाव, दिवसांची मुदत, जबाबदार अधिकारी, अपिलीय अधिकारी. फलक वाचून मी अपील केलं. अपिलीय अधिकारी म्हणजे त्याच साहेबांचे वरचे साहेब, शेजारची केबिन. सुनावणीला दोघे मिळून चहा पीत होते, मलाही विचारला. विनाकारण विलंब केला तर दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड, असं कायदा म्हणतो. जानेवारीपासून माझी एकही सही चालत नाही. माझ्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनचा पगार, भाडं, सॉफ्टवेअरचा वार्षिक हप्ता आणि हातातून गेलेली कामं यांची बेरीज केली तर तो दंड माझ्या एका दिवसाच्या नुकसानीलाही पुरत नाही. तो पाचशे रुपयांचा दंडसुद्धा झालेला साहेब मला दाखवा, मी त्यांचा सत्कार करतो.

घरात आता विषय काढायची सोय राहिलेली नाही. बायको म्हणते, एवढ्या वर्षांत रंगाचं कंत्राट घेतलं असतं तर आज वरचा मजला झाला असता. ती रागाने म्हणते, पण ते खोटं नाही. माझ्या बरोबरीचा एक जण गेली कित्येक वर्षं शिक्का भाड्याने देतो. डिझाइन बिल्डरच्या ऑफिसमधल्या पोराने केलेलं, सही याची, महिन्याचं पाकीट ठरलेलं. त्याचं नूतनीकरण कधी अडलं नाही. मलाही असे निरोप आले, ‘ड्रॉइंग आमचं, शिक्का तुमचा.’ नाही म्हणालो, त्याची किंमत रक्तदाबाच्या गोळ्यांत मोजतो आहे. रात्री साइटवर स्लॅब चालू असेल तर आजही झोप लागत नाही. हे माझ्या परवान्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि मुळात नोंदणी म्हणजे काय, तेही बघा. मला परवाना देताना आजवर कुणीही एक तांत्रिक प्रश्न विचारलेला नाही. भूकंपाचं आयएस 1893 हे मानक 2016 मध्ये बदललं, भूकंपात एकदम न तुटता वाकेल अशा आरसीसीचं (सळईच्या काँक्रीटचं) आयएस 13920 त्याच वर्षी बदललं. मी ते वाचलं की नाही, हे शासनाला माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. फोटोची पार्श्वभूमी पांढरी आहे ना, हे मात्र दोनदा तपासलं. परीक्षा नाही, मुलाखत नाही, उजळणी नाही. कागद पुरे, की कॉलमवर विश्वास ठेवायला लोक मोकळे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही 1920 ची संस्था, 1935 ला ब्रिटिश राजाची सनद मिळालेली. ती ‘प्रोफेशनल इंजिनियर’ म्हणून मान्यता देते. ते प्रमाणपत्र मी अर्जाला जोडलं, तर लिपिक म्हणाला, ‘हे कशाला लावलंय?’ बरोबर आहे त्याचं. कायद्यात त्याला जागाच नाही.

माझा भाचा अमेरिकेत आहे. तिथे त्याने आधी एफईची (पायाभूत) परीक्षा दिली, मग परवानाधारक इंजिनियरच्या हाताखाली चार वर्षं काढली, मग पीईची (प्रोफेशनल इंजिनियरची) परीक्षा. आता त्याचा परवाना कुणीही घरबसल्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर तपासू शकतो. तिथेही राज्यागणिक परवाना वेगळा असतो, हे मान्य. पण आपल्याकडे तो गावागणिक आहे! 29 महानगरपालिका, दोनशेच्या वर नगर परिषदा, शिवाय प्राधिकरणं. आमच्या शहराची हद्द संपते तिथे माझं ज्ञानही संपतं, असा शासनाचा समज दिसतो. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे इथल्या काही मान्यताप्राप्त कॉलेजांची पदवी परदेशात समकक्ष धरतात. परदेशात धरतात, शेजारच्या महापालिकेत धरत नाहीत.

परिचारिकांचा कायदा 1947 चा. औषधविक्रेत्यांचा 1948, सनदी लेखापालांचा 1949, वकिलांचा 1961, वास्तुविशारदांचा 1972. गुरांच्या डॉक्टरांनाही 1984 पासून केंद्राचा कायदा आहे, परिषद आहे, नोंदवही आहे. गोठ्यातल्या म्हशीला इंजेक्शन कुणी द्यायचं हे संसदेने ठरवून दिलं आहे. त्या म्हशीच्या मालकाच्या डोक्यावरचा स्लॅब कुणी डिझाइन करायचा, हे ठरवायला देशाला अजून सवड झालेली नाही.

आपण म्हणाल, हा केंद्राचा विषय. 2025 च्या सुरुवातीला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने प्रोफेशनल इंजिनियर्स विधेयकाचा मसुदा काढला, सूचना मागवल्या, हे मला ठाऊक आहे. मीही पाठवल्या, पोच आली नाही. पण केंद्राकडे बोट दाखवण्याआधी शेजारी बघा. गुजरातेत 2001 ला भूज हादरलं आणि 2006 मध्ये त्या राज्याने व्यावसायिक सिव्हिल इंजिनियरांचा स्वतंत्र कायदा केला. तो तिकडे कसा राबतो यावर वाद घाला, पण केला. आपल्याकडे किल्लारी 30 सप्टेंबर 1993 ला झालं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तोवर भूकंपाच्या नकाशावर किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. नंतर नकाशा बदलला, गावं नव्याने वसली, स्मारक झालं, दरवर्षी फुलं वाहिली जातात. इंजिनियरचा कायदा तेवढा राहून गेला. एरवी प्रकल्प गुजरातला गेला की विधानसभा डोक्यावर घेता. हा एक कायदा तिकडून इकडे आणा, कुणी अडवणार नाही.

शासनाला इंजिनियर दिसतच नाही असं मात्र नाही. अपघात झाला की लगेच दिसतो. मार्च 2019 मध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, ऑडिटरला अटक. ऑगस्ट 2020, महाड, तारिक गार्डन इमारत कोसळली, 16 मृत्यू. गुन्ह्यात आरसीसी सल्लागार. मे 2024, घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं, 17 मृत्यू. स्थैर्य प्रमाणपत्र देणारा आत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मालवणचा पुतळा कोसळला. स्ट्रक्चरल सल्लागार आत गेला. ज्याने चूक केली त्याला न्यायालयाने शिक्षा द्यावी, मी त्यांची वकिली करत नाही. पण ज्या नोंदवहीत अशी नावं शिरतात ती ठेवतो कोण? सही बघून शुल्क घेतलं कुणी? आणि अनधिकृत इमारत असेल तर प्रश्नच मिटला. 2013 ला मुंब्र्याची इमारत पडून 74 माणसं मेली, ती बेकायदाच होती. तिथे इंजिनियर लागत नाही, नोंदणी लागत नाही, त्रुटीपत्र निघत नाही, सरांची सही लागत नाही. या राज्यात सगळ्यात वेगाने परवानगी मिळते ती परवानगी न मागणाऱ्याला.

हे फक्त माझ्या परवान्याचं रडगाणं नाही. 1983 ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं आणि मग कॉलेजं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. आज राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दीड लाखाच्या वर आहेत. बाहेर पडणाऱ्यांना काम किती जणांना मिळतं, याबद्दल कुणी म्हणतं निम्म्यांना, कुणी म्हणतं तेवढ्यांनाही नाही. संस्थाचालक कोण आहेत हे मी आपल्याला सांगायला नको, आपल्या दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसतात. पदवी विकायला सगळे तयार, त्या पदवीची जबाबदारी घ्यायला एकही तयार नाही. चांगला पोरगा सिव्हिल करून आयटीत जातो नाहीतर एमपीएससीच्या अभ्यासिकेत म्हातारा होतो. मागे उरतो तो शिक्का भाड्याने देणारा. आणि 15 सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून ‘अभियंता राष्ट्राचा शिल्पकार’ असं भाषण होतं. ते पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. आजच्या नगररचना विभागात त्यांनाही म्हैसूरहून रहिवासी दाखला आणावा लागला असता.

मागण्या लिहायला बसलो होतो, त्या राहूनच गेल्या. संपूर्ण राज्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरांची एकच नोंदवही ठेवा, आणि ती कुणालाही उघडून बघता आली पाहिजे. नाव नोंदताना परीक्षा घ्या, काही वर्षांनी पुन्हा घ्या, मला पहिल्या बाकावर बसवा. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत आला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरा. याला कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे. धोकादायक इमारतीचा अहवाल आला की आधी इमारत बघायला माणूस पाठवा, इंजिनियरची तारीख मागाहून बघा. आणि एकाच इमारतीचे दोन उलटे अहवाल आले तर सोयीचा घेऊ नका, तिसरा करवून घ्या.

एक विनंती. ‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात येत आहे’ असं छापील उत्तर पाठवू नका. ते आपल्याकडून प्रधान सचिवांकडे, तिथून संचालकांकडे, तिथून आयुक्तांकडे आणि तिथून त्याच टेबलावर जाईल, आणि तिथले साहेब मला विचारतील, मुदतबाह्य इंजिनियरला पत्र लिहायचा अधिकार कुणी दिला.

आपला,
बी.ई. (सिव्हिल), एम.ई. (स्ट्रक्चर्स)
पश्चिम महाराष्ट्र