नावं न कळलेल्यांचे आभार

परक्या देशातल्या पहिल्या मुलाखतीत मी प्रत्येक उत्तर ‘आम्ही केलं’ असंच देत होते. ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं वाटायचं. नोकरी मिळाली नाही, पण मुलाखत घेणाऱ्या एक बाई मागून बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही स्वतः काय केलंत, तेच कळलं नाही.” त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

बायोडेटा ओळ न् ओळ तपासून देणारे ग्रंथालयातले गृहस्थ, पगाराचा आकडा ऐकून लगेच ‘हो’ म्हणू नकोस असं बजावणारी सहकारी, तुमचेही मनापासून आभार. घरात ऑफिसची पायरी चढणारी मी पहिलीच. हे सांगणार कोण?

आता माझ्यासारख्याच मुलामुलींना करिअरचं मार्गदर्शन करते. पहिल्या भेटीत ‘आम्ही’ खोडून ‘मी’ लिहायला लावते. बाई, ते तुमचंच देणं आहे.